धुराला वाट हवी

जानेवारी 2020 मध्ये बोरिवलीत दहावीत शिकणारी पंधरा वर्षांची एक मुलगी आंघोळीला गेली. बराच वेळ झाला तरी बाहेर आली नाही म्हणून घरच्यांनी दार तोडलं. ती बेशुद्ध पडली होती. काही दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. बाथरूममध्ये गॅस गिझर होता. स्फोट झाला नव्हता की आग लागली नव्हती. मार्च 2023 मध्ये घाटकोपरला एक जोडपं रंग खेळून आल्यावर आंघोळीला गेलं आणि दुसऱ्या दिवशी मृतावस्थेत सापडलं. तिथेही पोलिसांनी गॅस गिझरच्या वायूने गुदमरल्याचा संशय व्यक्त केला.

मी दहावीच्या मुलींना शिकवते. बोरिवलीची बातमी वाचली तेव्हा बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर होती आणि माझ्या वर्गात त्याच वयाच्या साठेक मुली बसत होत्या. त्यांना विचारलं, किती जणींच्या घरी गॅसचा गिझर आहे? निम्म्याहून जास्त हात वर झाले. त्याचा धूर कुठे जातो, असं विचारल्यावर मात्र वर्ग हसला. ‘टीचर, गॅसला कुठे धूर असतो?’

या एका वाक्यासाठी हा लेख लिहिते आहे. गॅसला धूर असतो. तो दिसत नाही, एवढंच.

काहीही जळलं की त्यातून काहीतरी निघतंच. गॅस भरपूर हवेत जळला तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते. हवा अपुरी पडली तर जळणं अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत चुरचुर नाही. आपल्याला जो ‘गॅसचा वास’ ओळखीचा आहे, तो सिलिंडरमध्ये मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो, गळती कळावी म्हणून. गॅस जळला की तो वासही जळून जातो. त्यामुळे ‘वास येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे’ हा हिशेब सिलिंडरच्या गळतीला लागू पडतो, गिझरच्या धुराला नाही.

हा वायू श्वासातून रक्तात गेला की हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. शरीर आतून गुदमरतं, पण श्वास चालू असल्यामुळे माणसाला ते जाणवत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते, पायांतली ताकद जाते. धोका कळेपर्यंत कडी काढायलाही हात उचलत नाही. बाथरूमच्या बंद दारामागे माणूस एकटा असतो, म्हणून ही गोष्ट स्वयंपाकघरापेक्षा तिथे जास्त घातक ठरते.

माझं आजोळ खेडजवळचं. तिथे मागच्या पडवीत तांब्याचा बंब असायचा. मधोमध उभी नळी, तिच्यात करवंट्या आणि ढलप्या, नळीभोवती पाणी. खालच्या जाळीतून हवा आत यायची, वरच्या तोंडातून धूर बाहेर पडायचा. ज्याने कोणी हा बंब पहिल्यांदा घडवला असेल त्याला विस्तवाच्या दोन्ही गरजा पक्क्या ठाऊक होत्या. त्याला आत यायला हवा लागते आणि बाहेर जायला वाट. शिवाय बंब उघड्या पडवीत असायचा, आणि पाणी बादलीने न्हाणीत न्यायचं. विस्तव बाहेर आणि माणूस आत, अशी ती व्यवस्था होती. धूर झालाच तर डोळ्यांत पाणी यायचं, नानी ओरडायची, आणि आम्ही पळून जायचो. तो धूर त्रासदायक होता, पण प्रामाणिक होता.

गॅसचा गिझर म्हणजे भिंतीवर टांगलेला बंबच. तांब्याच्या वळणदार नळीतून पाणी वाहतं आणि खाली ज्योत पेटते. फरक इतकाच की मुंबईत आपण हा बंब पडवीतून उचलला, चार बाय पाचच्या खोलीत आणला आणि दार लावून घेतलं.

वर्गात फळ्यावर मांडलेला हिशेब इथेही मांडते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण चालला तर मिनिटाला साधारण 15 ते 16 ग्रॅम गॅस जाळतो. तेवढा गॅस नीट जळायला जवळजवळ 200 लिटर हवा लागते. चार फूट बाय पाच फूट, उंची आठ फूट अशा बाथरूममध्ये एकूण हवाच साडेचार हजार लिटरच्या आसपास असते. म्हणजे खिडकी बंद असेल तर दहा मिनिटांत जवळपास निम्म्या हवेतला ऑक्सिजन ज्योतीने वापरलेला असतो, आणि माणूस श्वास घेतो तो वेगळाच. ऑक्सिजन जसजसा कमी होतो तसतशी ज्योत आणखी अर्धवट जळते आणि विषारी वायू वाढत जातो. धोका पहिल्या माणसालाही असतो, पण त्याला कदाचित काही जाणवणार नाही. लागोपाठ चौथा किंवा पाचवा आत जातो, त्याच्या वाट्याला हे सगळं साठलेलं येतं. मोठ्या कुटुंबात शेवटी आंघोळ कोण करतं, ते सांगायला नको. बहुतेक घरांत ती बाईच असते.

आमच्या अंधेरीच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक खाला राहतात. त्यांची नात कॉलेजात जाते. एका हिवाळ्यात ती बाथरूममध्ये दोनदा चक्कर येऊन पडली. दोन्ही वेळा जुमा होता. खालांनी मला जिन्यात थांबवून हळू आवाजात सांगितलं, ‘बाजी, मुलीवर काहीतरी असर आहे. गुसलखान्यातच होतंय, बाहेर अगदी ठणठणीत असते.’ एका आमिलकडून पाणी दम करून आणलं होतं, दारावर तावीज बांधला होता.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. आपल्याकडे बैतुलखला आणि गुसलखाना या जागांबद्दल मनात एक धास्ती असतेच. आत पाऊल टाकण्याआधी पनाह मागण्याची दुआ आपण बोलायला लागल्यापासून शिकतो आणि मीही माझ्या मुलांना शिकवली आहे. मी फक्त विचारलं, जुम्याला घरात आंघोळ किती जण करतात? सात. ती कितवी? शेवटची, कारण भाऊ आणि अब्बा मशिदीत जायचे असतात. गिझर कुठे? आतच. खिडकी? थंडी म्हणून पुठ्ठा लावलेला. पाइप? आहे ना, डक्टमध्ये सोडलाय.

दुसऱ्या दिवशी प्लंबरने तो पाइप ओढून काढला. आत काटक्या, पिसं, विजेच्या वायरचे तुकडे. कबुतराने नीट घरटं बांधलेलं. धुराची वाट बंद होती, म्हणून तो सात जणांच्या आंघोळीपुरता परत आत येत होता. खाला बराच वेळ त्या काटक्यांकडे बघत उभ्या राहिल्या. आता गिझर बाहेरच्या गॅलरीत आहे, पुठ्ठा काढला आहे, आणि त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत मुलीला चक्कर आलेली नाही. तावीज अजून दारावर आहे. तो काढा असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही.

पण एक गोष्ट मला आपल्या लोकांशी बोलायची आहे. अशा मृत्यूनंतर आपण दोन शब्दांपैकी एक वापरतो, असर किंवा तकदीर. मौत का वक्त मुकर्रर है, यावर माझाही ईमान आहे. मात्र मदिनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांवर जळाल्याची खबर आली, तेव्हा पैगंबर साहेबांनी (स.) फक्त सब्र करायला सांगितलं नाही. झोपण्याआधी घरातली आग विझवत जा, अशी ताकीद दिली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. दुर्घटनेनंतर पुढच्या घरासाठी काय करायचं ते सांगणं, हीही सुन्नतच आहे. आपण ती अर्धी पाळतो. मय्यतीला जातो, दुआ करतो आणि घरी येऊन त्याच गिझरखाली गुसल करतो.

आता पाइपविषयी. थंड देशांत घरं गरम ठेवायला तळघरात भट्टी असते आणि तिचा धूर विटांच्या चिमणीतून छपरावर जातो. गॅसच्या धुरात वाफ असते, ती थंड चिमणीत पाण्यासारखी जमते, आम्लधर्मी असते आणि विटांमधला चुना-सिमेंट हळूहळू खाते. मग भेगा पडतात आणि धूर छपराऐवजी वरच्या खोलीत शिरतो. म्हणून चिमणीच्या आत मातीच्या नळ्यांचं किंवा स्टेनलेस स्टीलच्या पाइपचं अस्तर घालतात आणि वर्षातून एकदा ते तपासून घेतात. अस्तर हा शब्द मला फार आवडतो. फारसीतून आलेला, उर्दूत शेरवानीला, मराठीत कोटाला. बाहेरून दिसत नाही, पण कापड टिकतं ते त्याच्या जोरावर. उर्दूत चिमणीला एक जुना शब्द आहे, दूदकश. दूद म्हणजे धूर, कश म्हणजे ओढणारा. मराठीत आपण धुराडं म्हणतो. दोन्ही भाषांत धुराड्याचं काम स्पष्ट आहे. धूर ओढून बाहेर न्यायचा. नुसतं भोक म्हणजे धुराडं नव्हे.

आपल्या इमारतींत चिमणी नाही, पण तिच्या जागी डक्ट आहे. चारी बाजूंनी बाथरूमच्या खिडक्या, मधून सांडपाण्याचे पाइप, वर पावसासाठी पत्रा. पाइप डक्टमध्ये सोडला म्हणजे धूर बाहेर गेला असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो डक्टमध्ये साठू शकतो, आणि वरच्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीतून दुसऱ्याच्या मुलाच्या नाकात जाऊ शकतो. जिथे शक्य असेल तिथे पाइपचं तोंड खऱ्या मोकळ्या हवेत, बाहेरच्या भिंतीवर काढायला हवं, कोणाच्याही खिडकीपासून दूर.

आमच्याच मजल्यावर एका घरी गिझर बसवायला मुलगा आला होता. पाइप कुठे, असं मी विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, खिडकी है ना.’ पाइपचा डबा उघडलाच नव्हता. घरमालकाने वेगळे पैसे दिले नव्हते म्हणून तो तसाच ठेवून निघाला होता. त्या मुलावर राग धरण्यात अर्थ नाही. त्याला पाणी गरम करून दाखवायला पाठवलं होतं, धूर बाहेर काढायला नाही. तो प्रश्न विचारणं आपलं काम आहे, म्हणून काय विचारायचं ते लिहून ठेवते.

पाइपची सोयच नसलेला छोटा गिझर बाथरूममध्ये बसवायचाच नाही. तो मोकळ्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर बसवायचा आणि गरम पाण्याची नळी आत आणायची. चार फूट नळी वाढेल, तेवढंच. पाइपवाला गिझर असेल तर पाइपची रुंदी गिझरच्या तोंडाएवढीच हवी, मध्ये लहान करायची नाही. वळणं कमीत कमी. पंखा नसलेल्या गिझरचा पाइप आधी सरळ वर जायला हवा आणि पुढे चढताच राहायला हवा, कारण त्यातला धूर केवळ गरम आहे म्हणून वर जातो. पंखेवाल्या गिझरचा आडवा पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवतात, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. सांधे क्लॅम्पने आणि उष्णता सोसणाऱ्या ॲल्युमिनियम टेपने बंद करायचे. साधी चिकटपट्टी आठवड्यात सुटते. बाहेरच्या तोंडाला टोपी आणि कबुतर शिरणार नाही अशी मोठ्या भोकांची जाळी. फार बारीक जाळी काजळीने बुजते.

आपल्याकडे समुद्राची हवा आहे आणि चार महिने पाऊस. पातळ पाइपला त्यात भोकं पडतात, अनेकदा जिथे आपली नजर जात नाही तिथे. म्हणून पावसाळा संपला की, दिवाळीच्या साफसफाईच्या सुमाराला, एकदा पाइप काढून बघा आणि गिझरची सर्व्हिसिंग करून घ्या. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, फडफडती ज्योत किंवा गिझरच्या तोंडाशी काळा डाग दिसला तर त्या दिवसापासून तो बंद. पंखा नसलेल्या गिझरला एक सोपी परीक्षा आहे. गिझर चालू करून दोन-चार मिनिटांनी, जिथे पाइप सुरू होतो त्या फटीजवळ पेटती अगरबत्ती धरायची. तिचा धूर आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. बाहेर ढकलला गेला तर नाही. हीच परीक्षा बाथरूमचा आणि स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा चालू ठेवून पुन्हा करायची. बंद घरात तो पंखा गिझरचा धूरही उलटा आत खेचू शकतो, हे अनेकांना माहीत नसतं. ‘आमच्याकडे एक्झॉस्ट आहे’ ही खात्री म्हणून पुरेशी नाही.

बाजारात कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा सेलवरचा अलार्म मिळतो. सिलिंडरची गळती ओळखणारं यंत्र वेगळं, हे वेगळं. विकत घेताना नाव वाचून घ्या.

तरीही कोणी चक्कर येऊन पडलंच तर दार-खिडक्या उघडा, गिझर बंद करा आणि त्या माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणा. 108 ला फोन करा. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘बाथरूममध्ये गॅस गिझर होता’ असं सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी 98 दाखवू शकतो, कारण ऑक्सिजनने भरलेलं रक्त आणि या वायूने भरलेलं रक्त यांतला फरक त्याला कळत नाही. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू निघायला चार-पाच तास लागतात, रुग्णालयात शुद्ध ऑक्सिजन मिळाला तर एक ते दीड तास. गरोदर बाईला बरं वाटू लागलं तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण पोटातल्या बाळाला धोका जास्त असतो.

‘मग सरळ विजेचा गिझर घ्या ना,’ असं म्हणणं सोपं आहे. सात माणसांच्या घरात विजेचं बिल आणि जुन्या वायरिंगवरचा भार पाहिला की लोक गॅसकडे का वळतात ते कळतं. त्यातून भाड्याचं घर असेल तर भिंतीला भोक पाडायला मालक परवानगी देत नाही. ब्रिटनमध्ये भाड्याच्या घरातली गॅसची उपकरणं दर 12 महिन्यांनी नोंदणीकृत कारागिराकडून तपासून त्याचा दाखला भाडेकरूला देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे करार 11 महिन्यांचा असतो. तो दरवेळी नवा करताना गिझरचा पाइप कोण बसवणार आणि कोण तपासणार, ही एक ओळ त्यात घालता येते. वकील लागत नाही.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत बरीच चर्चा झाली. साहजिक आहे, पावाच्या भट्ट्यांवर अनेकांची रोजीरोटी आहे. बेकरीची चिमणी सगळ्यांना दिसते. घरातल्या गुसलखान्याचा धूर कोणालाच दिसत नाही, म्हणून त्यावर सोसायटीच्या सभेतही कोणी बोलत नाही. निदान डक्टवरचा पत्रा उचलून मधे फट ठेवणं आणि वर्षातून एकदा सगळ्यांचे पाइप एकत्र तपासून घेणं, एवढा विषय पुढच्या सभेत नक्की मांडता येईल.

रमजान दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकतो. 2026 मध्ये तो फेब्रुवारीत आला, पुढची काही वर्षं तो ऐन थंडीत असेल. सहेरीच्या आधी उठायचं, खिडक्या बंद, घरातले सगळे एकामागून एक गुसलखान्यात, आणि अर्धवट झोपेत चक्कर आली तरी ती रोज्याची कमजोरी वाटणार. त्या पहाटेसाठी आजपासून एक सवय लावून घेता येईल, पाइप बदलायला पैसे नसले तरीही. खिडकी आणि दार उघडं ठेवून आधी बादली भरून घ्यायची. मग गिझर बंद करायचा. दुआ पढायची, आत जायचं आणि त्यानंतरच कडी लावायची.